सावनेरची बाई

लोक सकाळी उठले की पडदे उघडतात. ताराचंदराव उठले की आधी पडदे लावत. हॉलचे पडदे ओढले, बाल्कनीचं दार लोटलं, पुढच्या दाराची कडी नीट बसली आहे ना हे हात लावून पाहिलं, की मग लुंगी गुडघ्यापर्यंत खोचायची, बाथरूममधून निळी बादली उचलायची आणि आवाज न करता फरशीवर पोछा मारायला सुरुवात करायची. एवढ्या बंदोबस्तानं कुणी चोरी करत नसेल, पण ताराचंदराव स्वतःच्याच घराची फरशी पुसत.

त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात राख विभागात गेली. बॉयलरखाली साठलेली राख पाण्याच्या जोरावर पाइपातून दूर लोटून द्यायची, हे काम. घरात येणारी राख मात्र बायको, प्रेमिलाबाई, लोटत. ही वाटणी कुणी आणि कधी केली ते दोघांनाही आठवत नव्हतं. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये खिडकी सकाळी पुसावी तर दुपारी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येई. प्रेमिलाबाई ती पुन्हा पुसत. आणि ताराचंदराव शिफ्ट संपवून येत, बुटांसकट ओल्या फरशीवरून सरळ पंख्याखाली जाऊन बसत आणि वर विचारत, "दिवसभर घरात काय करून राहते वं तू?"

तर अशा माणसाच्या हातात पोछा आला कसा?

निवृत्तीनंतर दोघांनी झिंगाबाई टाकळीला फ्लॅट घेतला. इथं राख नव्हती, पण प्रेमिलाबाईंच्या हाताची सवय तशीच होती. दिवाळीच्या आधी जळमटं काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या कंबरेचं हाड मोडूनच. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. पुण्याहून अमोलचा फोन आला, "बाबा, बाई लावा." बाई लावणं काही कठीण नव्हतं. प्रेमिलाबाईंच्या घरात बाई टिकणं कठीण होतं.

पहिली बाई दाराच्या मागचं विसरली. दुसरीनं फ्रिजखालचं सोडलं. बाई पुढे आणि वॉकर तिच्या मागे, अशी वरात घरभर फिरे. "तिथं राहिलं. हे काय, कोपरा कोण पुसन? दिवाणाच्या पायाजवळ पाहा." दोघी महिन्याच्या आत गेल्या. तिसरी हर्षा. तिच्याकडे याच बिल्डिंगमधली चार घरं आणि जिना होता, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. तिनं आठ दिवस सोसलं आणि नवव्या दिवशी झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "काकू, तुमाले बाई नाही, दुर्बीन पायजे." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ताराचंदराव पेपर वाचत होते. खुडबुड ऐकून मान वर केली, तर प्रेमिलाबाई एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं झाडू उचलायला वाकत होत्या. चेहरा दुखण्यानं पांढरा पडलेला. ताराचंदराव घाबरले, आणि घाबरले की ते ओरडत. "ठेव ते! मी करतो!" असं ओरडले, आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

पण एकदा हातात घेतलं की ताराचंदराव कामाला काम म्हणत. नोकरीत साहेब पाहणीला येणार असले, की साहेब ज्या वाटेनं चालत जातील ती वाट आरशासारखी करून ठेवायची, ही त्यांची स्वतःची खास कला होती. तीच त्यांनी घरात आणली. दारातून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, नजर जाईल तेवढी फरशी अशी चमकू लागली की पंख्याची पाती तिच्यात फिरताना दिसत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रेमिलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. वॉकर मागे फिरला नाही, कोपरा निघाला नाही, दिवाणाचा पाय निघाला नाही. त्या खुर्चीत बसून नुसत्या पाहत. तीन तीन बायांना जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, या विचारानं ताराचंदरावांची छाती बादली उचलतानासुद्धा फुगलेली असे.

मधे अमोल दोन दिवसांसाठी येऊन गेला. विमानतळावरून आला तो बुटांसकट सरळ आत, आईला भेटायला. "बूट काढ!" ताराचंदराव एवढ्या जोरानं गरजले की अमोल एका पायावर उभा राहिला. "आत्ताच पुसलं ना! दिसत नाही का? घर हाये का धर्मशाळा?" आतून प्रेमिलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. त्या हसत राहिल्या, डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या, कंबर दुखली तरी थांबल्या नाहीत. अमोलला वाटलं आईला आनंद झाला आपण आल्याचा. तोही झालाच होता.

मग हे सगळं चोरून कशाला? तर त्याला कारण त्यांचीच जीभ.

सकाळी गोरेवाड्याच्या रस्त्यानं फिरून आलं की निवृत्तांची टोळी चहाच्या टपरीवर बसे. तिथं ताराचंदराव म्हणजे बोलण्यात वाघ. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मधुकरराव राहत, पोस्टातून निवृत्त झालेले, मऊ माणूस. त्यांच्या बायकोची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, म्हणून कपडे मधुकरराव वाळत घालत. एकदा ताराचंदरावांनी त्यांना गॅलरीत बायकोचं लुगडं झटकताना पाहिलं आणि टपरीवर जाहीर केलं, "आपल्या बिल्डिंगमधी गॅलरीवाली बाई आली गा नवीन! चष्मा लावते!" टोळी हसून हसून लोळली. तेव्हापासून मधुकरराव दिसले की कुणीतरी म्हणेच, "काय, गॅलरीवाली बाई, वाळले का कपडे?" मधुकरराव नुसते हसत आणि चहात बिस्किट बुडवत. आता त्याच टपरीवर, ताराचंद घरी पोछा मारतो, ही बातमी गेली असती तर? त्या विचारानंच ताराचंदराव पडदा आणखी चार बोटं ओढून घेत.

संक्रांत आली. प्रेमिलाबाईंनी हट्ट धरला की हळदीकुंकू करायचंच, चालता येत नसलं तरी बसून करीन. बायका आल्या, वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटल्या, तिळाचे लाडू फिरले. पण बायकांच्या नजरा काही गाळणीवर नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावरची श्वेता, बँकेत नोकरी करणारी आणि सोसायटीची सेक्रेटरी, चप्पल काढून आत येता येता उंबऱ्यातच थांबली.

"काकू, फरशी आहे की काचेचा तुकडा? कोण येतं तुमच्याकडे? आमच्याकडे हर्षा येते, पण हे असं काही…"

प्रेमिलाबाईंनी हातातली हळदीची कोयरी खाली ठेवली आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. ताराचंदराव आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. प्रेमिलाबाईंना खोटं बोलता येत नसे हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"बाई येते!" ते दारातूनच ओरडले. "सावनेरची. पहाटेच्या गाडीनं येते अन् उजाडायच्या आत जाते."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते त्यांना तेव्हा नीट कळलं नाही. मग त्या शांतपणे श्वेताला म्हणाल्या, "लाडू घे ना वं. गोड बोल." कुणाच्या तरी हातून एक लाडू निसटून घरंगळत गेला, त्याला शोधायच्या गडबडीत विषय बदलला, आणि ताराचंदरावांना वाटलं, सुटलो.

सुटले कसले! सोसायटीत कुणाची बाई पळवणं हे कुणाची सून पळवण्यापेक्षा वाईट समजतात, आणि करतात मात्र सगळेच. दुसऱ्याच दिवशी श्वेतानं खाली गेटवर देवरावला गाठलं. देवराव चौकीदार. "देवराव, पाच नंबरमध्ये पहाटे ती सावनेरची बाई येते, तिला माझ्याकडे पाठवा बरं."

आता पहाटेच्या वेळी, जानेवारीच्या थंडीत, देवराव शेकोटीच्या बाजूला घोंगडी डोक्यावरून घेऊन काय करत असे हे सांगायला नको. पण चौकीदारानं 'मी पाहिली नाही' म्हणणं म्हणजे 'मी झोपलो होतो' म्हणणं. देवराव तेवढा भोळा नव्हता.

"हो ना, मॅडम. रोज येते. उंच हाये. नाकात चमकी हाये," तो म्हणाला. आणि श्वेता ऐकते आहे असं पाहून त्याला हुरूप आला. "हिरवं लुगडं नेसते. मले 'भाऊ' म्हनते."

झालं. सावनेरच्या बाईला नाक मिळालं, नाकाला चमकी मिळाली. संध्याकाळपर्यंत तिचा हात किती जलद चालतो हे सगळ्यांना माहीत झालं होतं. टपरीवर विषय निघाला तेव्हा मधुकररावांनीही चष्मा वर करून सांगितलं, "मी पाहिलं ना तिले. कोराडी रोडवर उतरते. चांगल्या घरची वाटते." बिचाऱ्याला टपरीवर एरवी कुणी काही विचारत नसे, एवढी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी असं त्याला वाटलं. ताराचंदराव चहाच्या ग्लासात पाहत बसले. त्यांना हसूही येत होतं आणि घामही.

आठवडाभर गंमत चालली. मग एका दुपारी बेल वाजली. दारात हर्षा.

तिनं चप्पल बाहेर काढली, पण आत आली नाही. पायपुसण्यावरच उभी राहिली. "ओलं हाये का, काका?" तिनं विचारलं. फरशी कधीची वाळली होती, तरी तिनं विचारलं.

"नाही, नाही. ये ना."

"बसाले नाही आली. तुमची ते सावनेरवाली कवा भेटते? मले तिच्याशी बोलाचं हाये."

"काहून?" ताराचंदरावांचा आवाज बारीक झाला.

"काहून म्हनता? श्वेता मॅडम रोज म्हनते, 'पाच नंबरची फरशी पाहून ये.' खालचे म्हनते, 'सावनेरच्या बाईचा हात पाहा.' आता ऐतवारी मीटिंग ठेवली. माह्ये चारही घरं अन् जिना तिले देनार हाये. ते माह्या पोटावर पाय देऊन राहिली, काका, अन् मी तिचं तोंड बी पाहिलं नाही! दोन दिस गेटवर उभी राहिली मी पहाटे, थंडीत. कोनी येत नाही. देवरावभाऊ म्हनते, मी यायच्या आधीच वर गेली. तुमची बाई हाये का भूत हाये?"

आतून प्रेमिलाबाई वॉकर टेकत आल्या. हर्षानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. "तुमच्याकडं टिकली म्हनजे ते चांगलीच असन, काकू. मले नाही जमलं. पन तिले सांगा, सावनेरले घरं कमी हाये का?" डोळे भरून यायच्या आत ती वळली आणि जिना उतरून गेली.

दार लागलं. प्रेमिलाबाईंनी एकच शब्द विचारला. "आता?"

"सांगून टाकतो, बाई सोडून गेली म्हणून."

"एका खोट्याले पोछा माराले दुसरं खोटं," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि वॉकर वळवला.

तरी ताराचंदरावांनी तेच केलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये श्वेता भेटली तेव्हा तोंड पाडून सांगितलं, की सावनेरची बाई गेली, छिंदवाड्याला, लेकीकडे, आता येणार नाही. श्वेता गोड हसली. "काका, घाबरू नका हो. तुमची वेळ आम्ही नाही घेणार. तुमच्याकडचं झालं की मग येऊ दे आमच्याकडे." आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यासाठी दार उघडं असताना तिनं जाता जाता आत नजर टाकली. फरशी नेहमीसारखीच लखलखत होती. ताराचंदरावांनी मनात स्वतःला शिवी घातली. बाई छिंदवाड्याला धाडली आणि पोछा मारायचा मात्र विसरले नव्हते!

रविवार उजाडला. पार्किंगमध्ये उन्हात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. लिफ्टजवळच्या खांबाला टेकून हर्षा उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती. श्वेतानं पाण्याच्या टाकीचा विषय संपवला आणि मग सफाईचा काढला. सगळ्यांनी मिळून सावनेरच्या बाईला ठेवलं तर काम चांगलं होईल, असं तिचं म्हणणं. तिचंही काही वाईट मन नव्हतं. बँकेतून थकून यावं तर घर चिकट, पोरांचे पाय काळे. चकचकीत फरशी दिसल्यावर कुणाला मोह होणार नाही? माना डोलल्या. हर्षा ताराचंदरावांकडे पाहत होती. खाली मान घालून नाही, सरळ.

समोरच्या रांगेत मधुकरराव बसले होते. ताराचंदरावांना उद्याची टपरी दिसली, चहाचे ग्लास दिसले, टोळीची तोंडं दिसली. इतकी वर्षं लोकांना हसवत आलेला माणूस, त्याला लोकांनी हसावं याची त्याला खरोखर भीती वाटत होती. आपण गप्प बसलो तर काय होईल? काहीच होणार नाही. हर्षा दुसरीकडे कुठं काम पाहील. लोक विसरतील. मग त्यांना पायपुसण्यावर उभे असलेले तिचे पाय आठवले, कोरड्या फरशीवर न टाकलेले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ते उठले. "सावनेरची बाई नाही," ते म्हणाले. "कोणतीच बाई नाही. मीच पुसतो."

अख्खं पार्किंग हसलं.

"काका, किती जपता हो बाईला!" श्वेता म्हणाली.

"ताराचंदभाऊ, छिंदवाडा बरा होता," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यात जास्त घाबरला तो देवराव. तो गेटवरून धावत आला. "साहेब, काय बोलता! मी सवता रोज पाहतो ना तिले! चमकी, हिरवं लुगडं…"

ताराचंदरावांनी त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलले असते तर देवरावची झोप आणि नोकरी दोन्ही उघड्यावर आली असती. "ते दुसरी कोणी असन, देवराव," ते म्हणाले. "आपल्या घरी नाही येत ते." देवराव मागच्या मागे गेटकडे सरकला.

पण पटेना कुणालाच. टपरीवरचा वाघ आणि पोछा! ते एकाच वाक्यात बसत नव्हते. ताराचंदराव आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगून फसले होते. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं.

आत प्रेमिलाबाई होत्या. वॉकरच्या दांडीवर पोछा वाळत घातल्यासारखा टाकला होता, आणि वॉकरच्या पायांनी त्या निळी बादली इंच इंच पुढे ढकलत होत्या. अर्धं पाणी लिफ्टमध्येच सांडलं होतं. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच खाली आल्या होत्या.

"बाल्कनीतून ऐकलं मी. बोलून कोणाले पटन?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पुसून दाखवा ना."

ताराचंदरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पोछा बुडवला, पिळला, लिफ्टसमोरची फरशी धरली आणि भिंतीकडून मागे मागे येत पुसू लागले. पहिल्या दोन हातांना लोक खिदळले. मग खिदळणं थांबलं. हात सराईत होता. पोछा वळणावर दुमडत होता, पाऊल ओल्यावर पडत नव्हतं. फरशीत उन्हाचा चौकोन उतरला तेव्हा ताराचंदराव कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

हर्षा खांबापासून पुढे आली. "एका दिसाचा हात नाही हा," ती सगळ्यांना म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. "काका! मी दोन दिस थंडीत उभी राहिली ना तुमच्यासाठी!"

"चुकलं माझं, पोरी," ताराचंदराव म्हणाले. "मोठं चुकलं."

श्वेताही उठली. तिचा चेहरा उतरला होता. "माझंही, हर्षा. घरं तुझीच राहतील."

"राहू द्या. पन आता त्या सावनेरवालीचं नाव माह्यासमोर काढाचं नाही, मॅडम." हर्षा फरशीकडे वाकून पाहत जाता जाता ताराचंदरावांच्या कानाशी म्हणाली, "मधात चमकवलं, काका. काठाले पाहत जा."

लोक पांगले. मधुकरराव मात्र थांबले. ताराचंदरावांनी मनाची तयारी केली. टोमणा बसणारच आता, आणि बसावाच. मधुकररावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"ताराचंदराव, पोछा वाळू कुठं घालता?"

"आत. बाथरूममधी."

"वास मारन गा. उन्हात घालत जा." ते जिन्याकडे वळले आणि पहिल्या पायरीवरून म्हणाले, "माझी गॅलरी पूर्वेची हाये. आणत जा."

टपरीवर कसल्याही शिव्या खाल्ल्या असत्या तर ताराचंदरावांना इतकं लागलं नसतं. ते बादली घेऊन गुपचूप वर आले.

घरात ते सोफ्यावर बसले, पण हर्षाचं बोलणं डोक्यातून जाईना. काठाले पाहत जा. शेवटी ते उठले आणि कधी नव्हे ते गुडघ्यांवर बसून दिवाणाखाली वाकून पाहिलं.

तिथं राख नव्हती, एवढंच. बाकी सगळं होतं. धुळीचे गोळे, केस, औषधाचं फॉइल, अमोलच्या बॅगेचं विमानाचं लेबल, आणि अगदी भिंतीशी हळदीकुंकवाचा तो घरंगळलेला तिळाचा लाडू, आता अंगावर लव आलेला. ते फ्रिजकडे गेले, दाराच्या मागे गेले, कोपऱ्यांकडे गेले. साहेबाच्या वाटेवर आरसा होता आणि बाकी घर जसं सोडलं तसं पडलं होतं. लाडू हातात धरून ते प्रेमिलाबाईंच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"तुले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् बोलली नाही! तिघी बायांले कोपऱ्यांवरून पळवलं तू. मले काहून नाही बोलली?"

प्रेमिलाबाईंनी लाडू त्यांच्या हातातून घेतला, त्याची लव फुंकली, आणि टाकायला म्हणून पदराच्या टोकात धरून ठेवला. "तिघींले बोलली, तिघी गेल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही बी सोडून दिलं असतं तं? सगळी जिंदगी मी पुसत राहिली अन् तुम्ही वरून चालत गेले. आता रोज सकाळी हे खुर्चीत बसून तुमाले पुसताना पाहते, तं मले बरं वाटते. कोपऱ्यात धूळ हाये तं असू द्या म्हटलं."

ताराचंदरावांना रडू आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून ते पाणी बदलायला बाथरूममध्ये गेले. तिथं नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला. परत आले ते थेट पडद्यांकडे गेले आणि दोन्ही पडदे सरकवून टाकले. समोरच्या बिल्डिंगमधून कुणीही पाहावं एवढं ऊन आत आलं. मग त्यांनी दिवाण भिंतीपासून ओढला, झाडू मारला, आणि गुडघ्यांवर बसून पोछा पिळला.

मागून वॉकरचा आवाज आला. टक, टक. प्रेमिलाबाई त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ नुसत्या पाहत होत्या. जणू तोंडात आलेलं बोलावं की गिळावं, याचा विचार चालला होता. मग त्या म्हणाल्या,

"तिथं राहिलं. डाव्या पायाजवळ."

"हो वं," ताराचंदराव म्हणाले, आणि डाव्या पायाजवळ सरकले.